बाईचा वेळ कुणाच्या मालकीचा?

गेल्या काही वर्षांत बचत गटांच्या प्रशिक्षणात एक विषय हमखास असतो : वेळेचे व्यवस्थापन. बाहेरून कुणी प्रशिक्षक येतात आणि फळ्यावर चार चौकोन काढतात. तातडीची आणि महत्त्वाची कामे एका चौकोनात, महत्त्वाची पण तातडीची नसलेली दुसऱ्यात, असे करत चार चौकोन भरायचे. मग उपदेश होतो. सकाळी लवकर उठा. कामांची यादी करा. जमेल ते काम दुसऱ्यावर सोपवा. दिवसातला थोडा वेळ स्वतःसाठी ठेवा.

यात वाईट काही नाही. ज्यांचा दिवस निदान थोडासा तरी स्वतःच्या हातात आहे, त्यांना याचा उपयोगही होत असेल. पण तलवाड्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर बायांशी बोलताना हे चौकोन पहिल्याच पायरीवर अडतात. पहाटे चारला उठणाऱ्या बाईने आणखी किती लवकर उठायचे? "दुसऱ्यावर सोपवा" म्हणतात तो दुसरा कोण? आणि जिच्या घरात पाणी भरणे, भाकरी, जनावरांची धार आणि तापलेले लेकरू सगळेच तातडीचे आहे, तिने तीन चौकोन रिकामेच ठेवायचे का? म्हणून या अंकात वेळेविषयी बोलायचे ते दुसऱ्या बाजूने. वेळ कसा वापरावा याच्या आधी एक प्रश्न येतो. हा वेळ आहे कुणाचा?

तलवाडा हे गेवराई तालुक्यातले त्वरितादेवीचे गाव. देवीच्या नावातच त्वरा आहे, आणि इथल्या बायाही दिवसभर त्वरेनेच चालत असतात. गटाच्या बैठकीत आम्ही चौकोनांऐवजी चिंचोके घेतो. प्रत्येकीच्या पुढ्यात चोवीस चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक तास. जमिनीवर खडूने घरे आखायची : झोप, स्वयंपाक, पाणी, जनावरे, लेकरे-म्हातारी माणसे, मजुरी, स्वतःचे शेत, विसावा. ज्या कामात जितके तास जातात तितके चिंचोके त्या घरात ठेवायचे. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

दर वेळी एकच गोष्ट घडते. चिंचोके संपतात आणि कामे उरतात. बायांना आधी वाटते, आपलाच हिशेब चुकला. चूक हिशेबात नसते. बाई एका तासात दोन-तीन कामे करते, आणि चिंचोका मात्र एकाच घरात ठेवता येतो. चुलीवर भात आहे, मांडीवर लेकरू आहे, दारातल्या शेळीकडे लक्ष आहे. हा चिंचोका कुठल्या घरात ठेवायचा? विसाव्याच्या घरात एकीने टीव्हीचा एक तास ठेवला. शेजारच्या बाईने तो लगेच उचलला. "टीव्ही बघती खरं, पण हातात निवडायला भाजी असतीच की!" सगळ्या हसल्या, पण चिंचोका परत त्या घरात कुणी ठेवला नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांतला एका बाईचा दिवस असा निघाला : पहाटे चारला उठणे, झाडलोट, शेणघाण, पाणी, भाकऱ्या, सगळ्यांचे डबे. आठला शेतात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून पाठ मोडली तरी थांबायचे नाही. थांबले तर आपलेच नुकसान. सहाला घरी. पुन्हा पाणी, पुन्हा चूल, भांडी, म्हाताऱ्या सासूचे पाय चेपणे. दहाला अंथरूण. मधले अठरा तास तिने ज्या काटेकोरपणे बसवलेले असतात, तसे बसवणे कुठल्या कारखान्याच्या व्यवस्थापकालाही साधणार नाही. नियोजन तिला शिकवण्याची गरज नाही. तिच्याकडे कमी आहे ती स्वतःच्या दिवसावरची सत्ता.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. यातल्या कुठल्या कामाची वेळ तू ठरवतेस? इथे बैठक एकदम गप्प होते. नळाला पाणी कधी येणार हे ग्रामपंचायत ठरवते, उन्हाळ्यात टँकरवाला ठरवतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की नवरा दारे धरायला जातो, आणि त्याच्या चहा-भाकरीसाठी बाई जागी राहते. गिरणी विजेवर, रेशनचे धान्य अंगठा घेणाऱ्या मशीनवर, तालुक्याला जाणे एसटीवर. सरकारी योजनेचे पैसे हवेत तर कागदपत्रांची रांग. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली आणि महिना पंधराशे रुपये बायांच्या खात्यात पडू लागले. ते पैसे बायांना हवेच होते. पण अर्ज, आधार, बँकेचे खाते, मोबाईलवरचा ओटीपी, पुढे ई-केवायसी, यात बुडालेल्या रोजांचा हिशेब कुठल्याही सरकारी कागदावर नाही. बाईच्या वेळेला किंमत नाही असे धरूनच या सगळ्या व्यवस्था आखलेल्या असतात. तिला ताटकळत ठेवणे फुकट पडते, म्हणून ती ताटकळत राहते.

आता "दुसऱ्यावर सोपवा" या सल्ल्याकडे वळू. घरात काम सोपवायला माणसे असतात. नवरा असतो, दीर असतो, मोठा मुलगा असतो. पण चिंचोके सरकतात ते मुलीकडे. आई गटाच्या बैठकीला आली तर भाकऱ्या मुलगी करते. आई वेचणीला गेली तर धाकट्याला मुलगी सांभाळते. म्हणजे आईने वाचवलेला तास मुलीच्या शाळेतून वजा होतो. "पोरगी लई हुशार हाय, सगळं आवरती," असे आई कौतुकाने सांगते तेव्हा ही वजाबाकी कुणाच्या लक्षात येत नाही. बीड जिल्ह्यात तिचे मोल फार मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी जवळपास ४४ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. याची कारणे पुष्कळ आहेत : गरिबी, हुंडा, मुलीच्या सुरक्षिततेची भीती, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर तिला ठेवायचे कुठे हा प्रश्न, लग्न झाले की जोडीचा पूर्ण कोयता मिळतो हा हिशेब. पण घरकामासाठी शाळा बुडू लागलेली मुलगी या रस्त्याला लवकर लागते, हे आपण रोज पाहतो. म्हणून वेळेच्या नियोजनाचा आमचा पहिला नियम आहे. आईचा वाचलेला तास मुलीच्या वाट्यातून काढायचा नाही. तो काढायचा पुरुषांच्या वाट्यातून, नाहीतर सरकारकडून.

पुरुषांच्या वाट्यात किती तास आहेत, हे आता सरकारच्याच आकड्यांत आहे. आपल्या देशात वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी १९९८-९९ साली सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. देशपातळीवरची पाहणी झाली २०१९ साली. तिच्यानुसार घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय असे काम करणारे पुरुष होतेच शंभरात २६, स्त्रिया मात्र ८१. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली. पण ती पुरुषाने उचललेली नाहीत, कारण त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत. गॅस आला, मिक्सर आला, काही घरांत नळ आला. वस्तूंनी मिनिटे वाचवली असतील, वाटणी मात्र जिथल्या तिथे आहे.

हे आकडे नुसते अहवालात राहिलेले नाहीत. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा अपघातात मृत्यू झाला तर नुकसानभरपाई कशी मोजायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार आला. २०१० च्या एका निकालात न्यायालयाने जनगणनेवर कडक टीका केली, कारण तिथे घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना भिकारी आणि कैद्यांसोबत, काम न करणाऱ्यांत केलेली होती. जानेवारी २०२१ च्या निकालात तर २०१९ च्या पाहणीतले २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडेच न्यायालयाने आधाराला घेतले आणि घरकामाचे आर्थिक मोल मान्य केले. बाई मेल्यावर तिच्या वेळेचे मोल कोर्टात ठरू शकते, तर ती जिवंत असताना घरात आणि गावात का ठरू नये?

मैत्रिणींनो, वेळ ही कुणा एकट्याच्या शिस्तीची बाब आहे, असे आपल्याला शिकवले जाते. महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांचा इतिहास वेगळे सांगतो. आज सगळे जण उपभोगतात ती रविवारची सुट्टी कुणी शिस्तीने मिळवलेली नाही. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. त्या लढ्यातल्या जाहीर सभेत स्त्री कामगारही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तास मागून मिळाले, भांडून मिळाले. फक्त ते कारखान्याच्या फाटकापर्यंतच आले. घरातली चूल रविवारी बंद राहिली नाही, उलट त्या दिवशी जरा जास्तच पेटली.

आणि बीडच्या ऊसतोड कामगार बाईपर्यंत तर ती सुट्टी आजही आलेली नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीवर. नवराबायको मिळून एक कोयता. बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेबच नाही, तर तिच्या वेळेचा कुठून असणार? कोपीवर ती पहाटे तीनला उठते. भाकऱ्या थापून अंधारातच फडावर जाते. ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कारखाना चोवीस तास चालतो, म्हणून तिचाही दिवस संपत नाही. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. मग पाळीचे दिवस, ताप, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळेच खाड्याच्या हिशेबात येते.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागे खाजगी दवाखान्यांचा धंदा आहे, कॅन्सरची घातलेली भीती आहे, मोरीची आणि पाण्याची सोय नसल्याने होणारे आजार आहेत. पण "दर महिन्याची कटकट गेली, खाडा वाचला" हा विचारही आहे. वेळेची सक्ती बाईच्या शरीरापर्यंत पोचते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? अशा बाईला वेळेचे व्यवस्थापन शिकवायला जाणे ही थट्टा आहे. तिला हवी आहे आठवड्याची भरपगारी सुट्टी, रात्री गाडी भरण्यावर मर्यादा, आजारपणात खाड्याचा दंड नाही अशी करारातली अट, आणि उचलीच्या कागदावर तिचे स्वतःचे नाव.

मग आपण रोजच्या आयुष्यात काय करायचे? सगळे बदलेपर्यंत वाट पाहत बसायचे का? तसे नाही. नियोजन करायचेच. पण एकटीने नाही, गटाने. आमच्या भागात जे करून पाहिले, त्यातले काही इथे मांडते.

चिंचोके एकटीचे मांडू नका. एका घराची चार माणसे मांडा : बाई, तिचा नवरा, मुलगी, मुलगा. चौघांचे चिंचोके शेजारी शेजारी दिसले की भाषण करावे लागत नाही. जमल्यास पुरुषांनाही एकदा बोलवा. ते आधी वाद घालतात, मग मोजायला बसतात. मुलाच्या रांगेत खेळाचे चार चिंचोके आणि मुलीच्या रांगेत एकही नाही, हे बापाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते. वाटणी लगेच बदलत नाही. पण पाणी भरणे मुलाचे, अंथरुणे आणि स्वतःची ताटे ज्याची त्याने उचलायची, एवढ्यावर तरी घर येते. तेवढ्याने सुरुवात होते.

कामांचे तीन ढीग करा. पहिला, घरातल्या घरात वाटून घ्यायची कामे. दुसरा, बायांनी मिळून करायची कामे. आपल्या शेतीत सावड होती. आज माझ्या शेतात सगळ्या, उद्या तुझ्या. तीच सावड लेकरे सांभाळायला लावा, दळण आणायला लावा, तालुक्याच्या कामाला लावा. एकीने पाच जणींचे कागद घेऊन गेवराईला जायचे. बाकीच्यांनी तिचे लेकरू आणि शेळ्या पाहायच्या, आणि तिच्या बुडालेल्या रोजाला हातभार लावायचा. जिथे अंगठाच लागतो तिथे जिचा तिलाच जावे लागते, पण बरीच कामे अशी वाटता येतात. तिसरा ढीग सगळ्यांत महत्त्वाचा : जी कामे आपली नाहीतच, सार्वजनिक आहेत. पाण्याची ठरलेली वेळ, रेशनचा ठरलेला दिवस, संध्याकाळपर्यंत चालणारे पाळणाघर. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि मजुरी दिवस मावळेपर्यंत चालते. मधल्या तासांत लेकरू कुणाकडे, हा सरकारनेही सोडवायचा प्रश्न आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला नेमावे, तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. ती फार थोड्या ठिकाणी मागितली गेली. पुढच्या प्रत्येक कायद्यात, प्रत्येक कामावर हे पाळणे मागायचे आहे.

तिसऱ्या ढिगाची यादी करून ग्रामसभेत न्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती सभा कागदावर उरकू देऊ नका. सभेची वेळ तुम्ही ठरवा. भर वेचणीच्या दिवशी सकाळी अकराला सभा लावली तर बाया येणार नाहीत, आणि मग "बायांना रस नाही" असा शेरा पडणार. सभेची वेळ ठरवणे हासुद्धा सत्तेचाच भाग आहे.

नियोजन दिवसाचे नको, वर्षाचे करा. खुरपणीचे दिवस, वेचणीचे दिवस, टोळ्या जाण्याचे आणि परतण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडा. गटाच्या बैठका, शिबिरे, आरोग्य तपासण्या त्याप्रमाणे लावा. ज्या सहा महिने गावात नसतात त्यांना गैरहजर धरून गटातून काढू नका. त्यांच्यासाठी वेगळा नियम करा.

आणि शेवटचे, विसाव्याचे. एक चिंचोका प्रत्येकीने स्वतःसाठी बाजूला काढायचा, असा आमच्या गटांनी ठराव केला तेव्हा बाया लाजल्या. "त्या तासात करायचं काय?" एकीने विचारले. काहीही. झोपायचे, गाणे म्हणायचे, शेजारणीकडे बसायचे, नुसते पडून राहायचे. त्या तासाचे पापड-लोणची करू नका, हे मात्र आवर्जून सांगावे लागते. बाईचा रिकामा तास दिसला की त्यात एखादा उद्योग, एखादे प्रशिक्षण, एखादी बैठक भरायची घाई सगळ्यांनाच असते, संस्था-संघटनांनाही. विसावा हा हक्क आहे. तो कमाईचा होतो का हे विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आपापल्या गटात हे चिंचोके मांडून पाहा. बाईच्या रांगेत काय निघाले, पुरुष काय म्हणाले, तिसऱ्या ढिगातली कुठली मागणी ग्रामसभेत मंजूर झाली आणि कुठली हाणून पाडली गेली, ते आम्हाला लिहून पाठवा. लिहिणारी नसेल तर सांगणारीचे शब्द कुणीतरी उतरून घ्या. पुढच्या अंकात ही पत्रे छापू आणि त्यांतून आपल्या मागण्यांची एक एकत्र यादी करू. ऊसतोडीचा पुढचा करार होण्याआधी ती यादी साखर कारखान्यांच्या, मुकादमांच्या आणि शासनाच्या हातात पडली पाहिजे.